रात्रीत संपवलेली थ्रिलर, खमकी नायिका आणि सकाळी दिसलेली भोकं

अर्धवट_वाचक

मी थ्रिलरवाली नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं वाचन म्हणजे कथासंग्रह, आत्मचरित्रं, आणि अधूनमधून एखादी जाडजूड कादंबरी जी शंभराव्या पानावर मान टाकते (आयडी उगाच नाही घेतलाय). तर मागच्या आठवड्यात बहिणीने एक अ‍ॅक्शन थ्रिलर गळ्यात मारली, म्हणाली वाच आणि मग बोल, मी रात्री साडेदहाला "दोन प्रकरणं बघू" म्हणून उघडली आणि पहाटे पावणेचारला पुस्तक मिटून छताकडे बघत पडले होते, डोळे टक्क उघडे, छाती धडधडतेय, जसं काही मीच आत्ता चार जिने उतरून पळत आलेय.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर सगळी चर्चा त्या लेखकावर जाईल आणि कुणीतरी शेवट फोडून मोकळं होईल. गोष्ट साधारण अशी की नायिका दुभाषी आहे. वय एक्केचाळीस, उजवा गुडघा जुना दुखरा, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. बंद खोलीतल्या कसल्याशा वाटाघाटी चालू असताना तिच्या कानावर एक वाक्य पडतं जे तिने ऐकायला नको होतं, आणि खोलीतल्यांना दहा मिनिटांत कळतं की हिला कळलंय. तिथून पुढे ३६ तास नुसती पळापळ. आणि एका ठिकाणी, हे एवढंच फोडते, ती गुंडांच्या दोन टोळ्यांमध्ये बसून भाषांतर करत असते आणि एक वाक्य मुद्दाम चुकीचं सांगते. एकच. त्या एका वाक्यावर दोन्ही बाजू एकमेकांच्या उरावर बसतात आणि ही मागच्या दाराने सटकते. मी तिथे अक्षरशः उठून बसले अंथरुणात.

आता प्रॉब्लेम असा की दुसऱ्या दिवशी परत चाळायला घेतलं तर भोकंच भोकं. फोनची बॅटरी संपलेली असते ती दोन प्रकरणांनी आपोआप चालू होते. जो गुडघा पहिल्या पन्नास पानांत नुसता जिना चढताना ठणकतो तो ऐन पळताना गायब! व्हिलन तिला मारायच्या आधी दीड पान भाषण देतो, तेवढ्यात तर मी पण पळाले असते. रात्री यातलं एकही कसं दिसलं नाही? मी भाबडी की रात्रच वैऱ्याची?

आणि मैत्रिणीला उत्साहाने सांगायला गेले तर ती म्हणे "स्ट्राँग हिरॉईन" हा नुसता कव्हरवर छापायचा शब्द आहे, रोल पुरुषाचा उचलायचा, नाव बाईचं द्यायचं, झालं काम. मला ते पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. म्हणून इथे विचारतेय, मला नेमकं आवडलं काय? आणि परत असंच आवडेल असं पुस्तक ओळखायचं कसं, कारण कव्हरवर तर सगळ्याच बायका पाठमोऱ्या पळत असतात.

रात्रकिडा

या या, स्वागत आहे. पहिल्याच थ्रिलरला पावणेचार म्हणजे उत्तम सुरुवात.

भाबडी वगैरे काही नाही. सस्पेन्स सिनेमावाल्या हिचकॉकने त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण आहे, आम्हा थ्रिलरवाल्यांना ते तोंडपाठ असतं. टेबलाखाली बॉम्ब आहे, आपल्याला माहीत नाही, माणसं गप्पा मारतायत, धडाम. पंधरा सेकंदांचा दचका. आता तेच परत, पण या वेळी बॉम्ब ठेवताना आपण बघितलाय, एकला फुटणार हेही माहितीये, भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय, आणि ती येडी माणसं त्याच फालतू गप्पा मारतायत. पूर्ण पंधरा मिनिटं आपला जीव टांगणीला. तुझ्या दुभाषीबाईचा सीन हुबेहूब हाच आहे बघ. खरं वाक्य काय होतं ते तुला माहीत, तिला माहीत, समोरच्यांना माहीत नाही. त्यांच्यातल्या एकाला जरी दुसऱ्याची भाषा तुटकीमुटकी येत असली तर संपलं. तो बॉम्ब टेबलाखाली नाही, तिच्या तोंडात आहे.

आणि अशा वेळी डोकं फक्त पुढे बघतं. आता काय, आता काय, आता काय. बॅटरी मघाशी संपली होती ना, हा प्रश्न मागे वळून विचारायचा असतो आणि मागे वळायला लेखकाने वेळच दिलेला नसतो. चांगला लेखक भोकं बुजवत बसत नाही, ती येतात त्या पानांवर गाडी जोरात नेतो :)

वेगाबद्दल अजून एक. लोकांना वाटतं वेग म्हणजे दर पानाला गोळीबार. साफ चूक. गोळीबाराने वेग येत असता तर युद्धाच्या बातम्या आपण रात्रभर वाचत बसलो असतो. ड्वाइट स्वेन नावाच्या लेखकाने १९६५ मध्ये विकाऊ गोष्टी कशा लिहाव्या यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने गोष्टीचे दोन तुकडे पाडले. एका तुकड्यात पात्राला काहीतरी हवं असतं, त्यासाठी ते झगडतं आणि तोंडावर आपटतं. दुसऱ्यात ते हबकतं, पेचात पडतं आणि काहीतरी ठरवतं. जे ठरवतं त्यातून परत पहिला तुकडा सुरू. गाडी पळवायची तर दुसरा तुकडा छोटा करायचा, कधी कधी एका ओळीचा. पण काढून टाकायचा नाही! काढला की नुसती आतषबाजी उरते. तुला आवडलेल्या पुस्तकात ती बाई दम खायला कुठेतरी थांबते का बघ, तीन-चार ओळी का होईना थांबत असणारच, मी पैजेवर सांगतो.

वेगावरून क्लिफहँगर आठवला, म्हणजे ऐन मोक्यावर गोष्ट तोडून वाचकाला लटकत ठेवायचं. थॉमस हार्डीची 'अ पेअर ऑफ ब्लू आईज' नावाची कादंबरी मासिकातून क्रमशः यायची, १८७२-७३ साली. त्यात एक हिरो खरोखर कड्याला लटकतो आणि तिथे हप्ता संपतो. बरेच जण क्लिफहँगर शब्दाचं मूळ तिथे नेऊन जोडतात. पण मजा पुढे आहे, त्याला वर कोण काढतं? नायिका. अंगावरच्या आतल्या कपड्यांच्या पट्ट्या फाडते, त्यांना गाठी मारून दोर करते आणि खेचते त्याला. तोवर हा गडी खडकात अडकलेल्या एका ट्रायलोबाइटच्या (कधीच नामशेष झालेला समुद्री जीव, त्याचा जीवाश्म) दगडी डोळ्यांत डोळे घालून कोट्यवधी वर्षांचं चिंतन करत लटकलाय. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पण लटकणारा तो आणि डोकं चालवणारी ती. मैत्रिणीला सांग.

पानपलट्या

नाव सांगा की पुस्तकाचं. एवढं सगळं सांगितलं आणि नाव नाही, हा कुठला न्याय.

थंडोबा

मी मैत्रिणीच्या बाजूने. कुणीतरी असायला हवं ना.

गेल्या काही वर्षांत ज्या "खमक्या नायिका" वाचल्या त्यातल्या निम्म्या म्हणजे पोनीटेल बांधलेला जुनाच हिरो. तीच कमी बोलायची खोड, तेच एकटं राहणं, तीच जखम स्वतःच शिवून घेणं (दात ओठ खाऊन, आरशासमोर, नेहमी आरशासमोर!), मित्रमैत्रिणी शून्य, आई असली तर मेलेली. आणि एक गोष्ट तर मला भयंकर खटकते. हिरोला साहस करायला कारण लागत नाही, त्याची नोकरीच ती असते. हिरॉईनला मात्र कारण लागतंच, तिच्यावर आधी काहीतरी भयानक अत्याचार झालेला असायलाच हवा, त्याशिवाय लेखकाला ती हात उचलेल हे पटतच नाही. साधी कामात हुशार आहे, डोकं शांत आहे, एवढं पुरत नाही का?

बरं हे आधी जमत नव्हतं असंही नाही. मॉडेस्टी ब्लेझ घ्या. पीटर ओडॉनेलने १९६३ मध्ये वर्तमानपत्रात चित्रपट्टी म्हणून सुरू केली, १९६५ ला पहिली कादंबरी आली. ही बाई लहानपणी निर्वासित, एकटी भटकत वाढलेली, पुढे स्वतःची गुन्हेगारी टोळी चालवून गडगंज होऊन निवृत्त झालेली, आणि मग कंटाळा आला म्हणून सरकारी हेरखात्याची कामं करते. कंटाळा आला म्हणून! आणि तिचा जोडीदार विली गार्विन, दोघांचा एकमेकांवर जीव आहे पण प्रेमप्रकरण नाही, शेवटपर्यंत नाही. चित्रपट्टी २००१ पर्यंत चालली, म्हणजे ३८ वर्षं लेखकाने तो मोह टाळला. आजच्या थ्रिलरमध्ये दोनशेव्या पानापर्यंत पण टळत नाही.

अवांतर: हाच ओडॉनेल मॅडलिन ब्रेंट या बाईच्या नावाने रोमँटिक कादंबऱ्या पण लिहायचा. तेव्हा पुरुष लेखकाला बाई लिहिता येते का या वादात मी पडणार नाही, त्याला तर दोन्हीकडून जमलं.

थोडक्यात तुमची दुभाषी चांगली वाटतेय ऐकून, पण ती अपवाद आहे असं माझं म्हणणं.

चटईवरची

मी बरीच वर्षं ज्युदो करतेय, आता शिकवते पण, त्यामुळे थ्रिलरमधली मारामारी वाचताना माझे दोन तुकडे होतात. एक वाचत असते, दुसरी शेजारी बसून नाक मुरडत असते.

आधी गुडघा. ते भोक नाहीये ताई! जीवावर बेतलं की अ‍ॅड्रेनलिनमुळे आणि बाकीच्या शरीरातल्या रसायनांमुळे दुखणं काही वेळ खरंच दबतं. मॅचमध्ये बोट मोडलेलं घरी आल्यावर कळलेलं आहे लोकांना. त्यामुळे पळताना गुडघा गप्प बसला हे शंभर टक्के चालतं. पण तो हिशोब नंतर चुकवावा लागतो, काही तासांनी सूज, दुसऱ्या दिवशी पाय टेकवता येत नाही. लेखकाने ते दाखवलंय का? दाखवलं असेल तर त्याला सगळं माफ. नसेल तर भोक.

आता ज्यांनी माझं डोकं खरंच फिरतं त्या गोष्टी. एक म्हणजे डोक्यात फटका मारून पहारेकऱ्याला बेशुद्ध करणे, आणि तो बिचारा पुढे तासभर झोपलेला. असं नसतं हो. फटक्याने शुद्ध गेली तर माणूस बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत भानावर येतो, अर्धा तास उठला नाही तर तो झोपलेला नाही, त्याच्या मेंदूला गंभीर मार लागलाय आणि त्याला हॉस्पिटल हवंय. गळा आवळण्याचं पण तसंच. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आतबाहेर शुद्ध जाते, आणि सोडलं की लगेच परत येते. म्हणजे नायिकेला मिळाले तर पंधरा-वीस सेकंद मिळाले. खरं सांगू का, तासाभरापेक्षा ते वीस सेकंदच जास्त थरारक नाहीत का? लेखक हातची मजा घालवतात.

मग ती सायलेन्सरवाली बंदूक जी "फुस्स" करते आणि बाजूच्या खोलीत कुणाला पत्ता लागत नाही. गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वरच असतो, सायलेन्सरने तो वीस-तीस डेसिबलने उतरतो, उरतं ते पण चांगलंच दणदणीत. आणि मुठीने जबड्यावर ठोसे, एकामागून एक, आणि नंतर त्याच हाताने नाजूकपणे कुलूप उघडते. कवटी कडक असते बाई. करंगळीच्या मागचं हाताचं हाड असं मोडतं की डॉक्टर लोकांत त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर असं नावच पडलंय.

थंडोबांच्या पोनीटेलवाल्या मुद्द्याशी माझं जुळतं ते इथे. स्पर्धेत वजनगट असतात ते शोभेला नाहीत. माझ्यापेक्षा तीस किलोने जड आणि थोडंफार येत असलेला माणूस समोर आला तर मला माझं ज्युदो माहितीये म्हणूनच मी आधी दार कुठे आहे ते बघेन. जी नायिका हे ओळखून वागते, जिना अरुंद आहे म्हणून जिन्यात भिडते, खुर्ची मध्ये ढकलते, दिवा फोडते, एक धक्का देऊन पळते आणि मागे वळून बघत नाही, ती मला खरी वाटते आणि तीच मला खमकी वाटते. सहा जणांना लोळवणारी वाचताना मजा येते, नाही म्हणत नाही, पण तिच्यासाठी माझ्या छातीत धडधडत नाही. सहाही पडणार हे मला माहीत असतं ना.

तुमच्या त्या बाईने कुणाला मारलं का हो एकदा तरी?

अर्धवट_वाचक

चटईवरची, एकदाच! आग विझवायच्या नळकांड्याने, आणि तेही घाबरून, आणि नंतर ती जिन्यात बसून थरथरते आणि "सॉरी" म्हणते त्या पडलेल्या माणसाला. तो दोन पानांनी उठून परत मागे लागतो. मला तेव्हा वाटलं होतं लेखकाने उगाच ताणलंय, आता कळतंय की तेच बरोबर होतं.

गुडघ्याचं परत बघते. मला तरी पुढे सूज वगैरे वाचल्याचं आठवत नाही.

@रात्रकिडा पैज जिंकलात. ती एका रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर बसते आणि हातमोज्याला पडलेलं भोक बोटाने मोठं करत राहते. पाच ओळी असतील. मला तेवढंच सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय, गंमत म्हणजे.

@पानपलट्या मेसेज करते.

कुंपणावरची

मी भाषांतराचं काम करते (नायिका दुभाषी म्हटल्यावर धागा उघडला नसता तरच नवल), त्यामुळे माझं जरा वेगळंच तुणतुणं.

आधी "स्ट्राँग" या शब्दाचं. लिस्बेथ सालांडर ही थ्रिलरची नायिका सगळ्यांना माहितीये. स्टीग लार्सनची तिच्यावरची पहिली कादंबरी स्वीडिशमध्ये २००५ ला आली, तो स्वतः २००४ मध्येच वारला होता, तिन्ही पुस्तकं मागाहून छापली गेली. स्वीडिशमध्ये पहिल्या पुस्तकाचं नाव आहे 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत ते झालं 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'. आता बघा हं काय झालं. मूळ नाव गुन्ह्याकडे बोट दाखवतं, इंग्रजी नाव मुलीकडे बघायला लावतं, आणि तेही तिच्या पाठीकडे. चोवीस वर्षांची बाई "गर्ल" झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत दुकानातल्या प्रत्येक तिसऱ्या थ्रिलरच्या नावात गर्ल (तिसऱ्या हे माझं चिडून, मोजलेलं नाही). तर तुमच्या मैत्रिणीला जो कव्हरचा राग आहे तो अगदीच खोटा नाही. पण तो कव्हरचा राग आहे, आतल्या बाईचा नाही.

दुसरं. १९८८ ची 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' ही कादंबरी बघा. क्लॅरिस स्टार्लिंग ही एफबीआयमध्ये अजून शिकणारी पोरगी आहे, ट्रेनी. तिच्या हातात अधिकार फारसे नाहीत, आजूबाजूला सगळे तिच्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचे पुरुष. तिची ताकद काय, तर ती प्रश्न विचारते आणि उत्तराकडे नीट लक्ष देते. बस. आणि शेवटी खुन्याचं दार वाजवायला तीच एकटी पोचते कारण ते लक्ष तिनेच दिलेलं असतं. पोनीटेल लावलेला हिरो म्हणता येईल का तिला? मला नाही म्हणता येत, तिच्या जागी पुरुष ठेवला तर अर्धे प्रसंग घडणारच नाहीत, लोक त्याच्याशी तसे वागणारच नाहीत.

मी स्वतः एकच गोष्ट बघते. कुठलंही एक प्रकरण उघडायचं आणि विचारायचं, इथे जे घडतंय ते तिच्यावर येऊन आदळतंय का तिने काहीतरी ठरवलं म्हणून घडतंय? गोळ्या सुटतायत, गाड्या उलटतायत, आणि ती नुसती इकडून तिकडे फेकली जातेय, तर ती नायिका नाही, ते सामान आहे. मग तिला कितीही कराटे येऊ द्या. आणि ठरवणं चुकीचं असलं तर अजूनच छान. तुमच्या पुस्तकात तो जो चुकीच्या भाषांतराचा प्रसंग आहे तो तुम्हाला सगळ्यात आवडला कारण तिथे खोलीतली सगळ्यात कमी ताकदीची व्यक्ती एकटी ठरवतेय पुढे काय होणार ते. वेग पण तिथूनच येतो हो, रात्रकिडा म्हणाले ते ठरवणं एका ओळीचं असतं, पण ती ओळ तिची हवी.

आता माझं खरं दुखणं, मराठीत थ्रिलर आणताना काय होतं ते. इंग्रजीत काळे कपडे घातलेलं कुणीतरी दहा प्रकरणं खून करत फिरतं आणि बाई की बुवा ते कळत नाही. मराठीत? "दार उघडून तो आत आला" म्हटलं की संपलं, "आली" म्हटलं की पण संपलं. आपलं क्रियापदच चुगलखोर आहे. मग आपण काय करतो, "आकृती पुढे सरकली" लिहितो, आकृती स्त्रीलिंगी म्हणून वाचक फसला तर फसला, किंवा "सावली", किंवा सगळं "कुणीतरी आलं, कुणीतरी गेलं" असं नपुंसकात ढकलायचं. तरबेज वाचक लगेच ओळखतो, सलग तीन पानं "कुणीतरी" आलं म्हणजे मारेकरी बाई आहे! मी एकदा अख्खं प्रकरण बुटांच्या आवाजावर काढलं होतं. बूट वाजले, बूट थांबले, बूट वळले. संपादकाने समासात लिहिलं, "बुटांना पगार देताय का".

पण एक गोष्ट आपल्याकडे फुकट आहे. 'हंगर गेम्स' ही कादंबरी प्रथमपुरुषात आणि वर्तमानकाळात लिहिलीये, आणि त्यामुळे नायिका जगेल की नाही हे तिलाही माहीत नाही असं वाटत राहतं, त्याचं केवढं कौतुक झालं. आपल्याकडे कुणीही साधा किस्सा सांगताना तेच करतं. "मी गेले, दार ढकललं, आणि बघते तर काय!" गेले, ढकललं, भूतकाळ, आणि ऐन मोक्याला बघते, वर्तमान. कुणी शिकवलेलं नाही. हे जमवणारा भाषांतरकार मिळाला की पुस्तक मूळ मराठीतलं वाटतं, आणि नाही जमला की "तिने तिची बंदूक तिच्या पिशवीतून तिच्या हातात घेतली".

थंडोबा

"तिने तिची बंदूक तिच्या" हसून हसून पुरेवाट. अशी एक वाचलीये मी, अर्ध्यावर कपाटात ठेवली.

सामानवाला मुद्दा मान्य. पण मग एक सांगा, ती दर वेळी बरोबरच ठरवते अशा नायिकांचं काय? तो पण एक प्रकार आहे, तिला सात भाषा येतात, कुलपं उघडता येतात, हेलिकॉप्टर येतं, आणि चूक म्हणून होत नाही. ठरवतेय तीच, पण मला काय त्याचं.

रात्रकिडा

थंडोबा, त्यांच्यासाठी पण एक जागा असते राव. आजारपणात अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा मी हेलिकॉप्टरवाल्याच वाचल्या, एका आठवड्यात पाच. कुणीतरी चुका न करता सगळं निस्तरतंय हे बघायला तेव्हा फार बरं वाटत होतं. आता त्यातली एकही गोष्ट सांगता येणार नाही मला, पण उपकार आहेत.

@अर्धवट_वाचक, पुढचं पुस्तक कसं ओळखायचं हे तुम्ही विचारलेलं राहूनच गेलं. कव्हर सोडा, मागचा मजकूर पण सोडा, त्यात सगळ्याच "काळाविरुद्धच्या शर्यतीत" असतात. मधलंच कुठलं तरी प्रकरण उघडून दोन पानं वाचा आणि कुंपणावरचीने सांगितलं ते बघा. पहिलं प्रकरण बघू नका, ते सगळ्यांचंच घोटलेलं असतं.

अर्धवट_वाचक

तीन दिवस गायब होते, सॉरी. बहिणीने पुस्तक परत मागायला सुरुवात केली म्हणून घाईने दुसऱ्यांदा वाचून काढलं, या वेळी दिवसा आणि हातात पेन्सिल (तिला सांगू नका, खोडलंय मी नंतर).

कुंपणावरची, तुमचं ते ठरवणं मोजलं. तिसरं प्रकरण अकरा पानांचं आहे, हॉटेलच्या लॉबीपासून गच्चीपर्यंत. त्यात तिने सात वेळा काहीतरी ठरवलं, त्यातले चार निर्णय चुकले. लिफ्ट घेते, चुकलं. फोन टाकून देते, बरोबर. वर पळते, खाली पळायला हवं होतं. मला पहिल्या वाचनात फक्त "बापरे बापरे" एवढंच आठवत होतं आणि प्रत्यक्षात तिथे एकही गोळी सुटत नाही हो! गोळीबार आहे तो सातव्यात, आणि तो मी या वेळी चक्क भराभरा चाळला. थंडोबा, बघा, चुकते ती, भरपूर.

बॅटरी मात्र खरंच भोक आहे. दोनदा तपासलं. चार्जर नाही, काही नाही, फोन वाजतो. लेखक विसरलाय.

आणि चटईवरची, गुडघा सापडला! पान २१२. ती कुठल्याशा अनोळखी बाईच्या बाथरूममध्ये टबच्या कडेवर बसलीये, पँट गुडघ्याच्या वर जात नाहीये एवढा पाय सुजलाय, म्हणून ती कात्री शोधते आणि कात्री मिळत नाही म्हणून तशीच बसून राहते. पुढच्या प्रकरणात ती लंगडतेय, चार वेळा उल्लेख आहे, चार! मी पहाटे तीन वाजता ते पान बहुतेक उडवलं असणार कारण मागच्या प्रकरणाच्या शेवटी दाराबाहेर बूट वाजले होते आणि मला फक्त ते बूट कुणाचे ते बघायचं होतं.

चटईवरची

मग माफ. सगळं माफ, बॅटरीसकट.

पानपलट्या

मेसेज अजून आलेला नाही.